गाडी मधेच मरतेय? रिसीव्हर बदलण्याआधी वायरिंग उघडा

आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या गाडीवाल्यांचं एक ठरलेलं निदान असतं, रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल पकडणारी गाडीतली डबी) गेला. गाडी अडखळली, रिसीव्हर गेला. स्टिअरिंग थरथरतंय, रिसीव्हर गेला. फुल थ्रॉटल दिला की क्षणभर मरते आणि मग आपोआप जिवंत होते, मग तर नक्कीच रिसीव्हर, आणि तो नसेल तर शेजारच्यांचं वायफाय. मग नवीन रिसीव्हर मागवायचा, रिमोटशी जोडायचा म्हणजे बाइंड करायचा, खाली कंपाउंडमध्ये घेऊन जायचं, आणि गाडी त्याच कोपऱ्यावर तशीच मरणार.

मला विचाराल तर रेडिओचा दोष फार कमी वेळा निघतो. बॅटरीपासून मोटरपर्यंत करंट ज्या रस्त्याने जातो त्या रस्त्यात कुठेतरी व्होल्ट गळत असतात, आणि आपण तो रस्ता सोडून बाकी सगळ्यावर पैसे घालतो. मोठी बॅटरी, तेज मोटर, मेटल गिअरचा सर्व्हो, म्हणजे स्टिअरिंग वळवणारी छोटी मोटर. वायर मात्र तीच, बॉक्समधून आलेली.

हे आत्ता लिहायला बसलो कारण भाच्याची गाडी. वन-टेन स्केलचा, म्हणजे खऱ्याच्या एक दशांश मापाचा शॉर्ट कोर्स ट्रक, सेकंडहँड घेतलेला, ब्रश्ड (आत कार्बनचे ब्रश असलेली) ५४० मापाची मोटर, आणि वाढदिवसाला घरच्यांनी दिलेली नवीन टू-एस लायपो, म्हणजे दोन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी. "मामा, वळताना रेस दिली की बंद पडते, सरळ रेस दिली तर काही होत नाही, नुसतं वळवलं तरी काही होत नाही." पोरगं हुशार, अर्धं निदान त्याने स्वतःच करून आणलेलं. दोन्ही एकदम केलं तरच मरते म्हणजे दोघांची मागणी मिळून कुठेतरी जास्त होतेय. रिसीव्हर खराब असता तर तो असा हिशेब करून मेला नसता.

बॉडी काढली आणि आत जे दिसलं ते वर्णन करण्यासारखं आहे. बॅटरीला टी-प्लग, ईएससीला (मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा स्पीड कंट्रोलर) तो जुना पांढरा तामिया प्लग, आणि मधे एक अ‍ॅडॉप्टर. त्या अ‍ॅडॉप्टरची वायर एवढी बारीक की मोबाईलचा चार्जर लाजेल. पुढे ईएससीपासून मोटरपर्यंत आधीच्या मालकाने वायर वाढवलेली, सोल्डर नाही, नुसती पिळून वर काळी टेप, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्या टेपचा गोंद पाघळतो तसा तो पाघळून सगळीकडे चिकट झालेला, त्यात माती बसलेली. टेप सोलली तर आतलं तांबं काळं पडलेलं.

आता थोडा हिशेब, कंटाळा करू नका, कारण सगळी गंमत यातच आहे.

उभी गाडी फुल थ्रॉटलवर सुटते तेव्हा ५४० ची मोटर काही क्षण ४० अँपिअरच्या आसपास सहज ओढू शकते. तामिया प्लग आला निकेलच्या बॅटऱ्यांच्या, म्हणजे आधी निकॅड आणि मग एनआयएमएचच्या जमान्यातून, आणि सतत १५ अँपिअरच्या पुढे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये. तो जुना झाला, आतली पत्र्याची नळी सैल झाली, की नुसत्या त्या एका जोडात दहा मिलिओहम रेझिस्टन्स येतो. अ‍ॅडॉप्टरचा अजून एक जोड, त्याची ती बारीक वायर अजून थोडी, असं करत करत २५ मिलिओहम धरा. ४० अँपिअर गुणिले २५ मिलिओहम म्हणजे अख्खा एक व्होल्ट रस्त्यातच गेला, आणि स्वतः बॅटरीही लोडवर थोडी खाली बसतेच. ७.४ व्होल्टची बॅटरी ईएससीला सहाच्या आसपास दिसायला लागते.

ईएससीच्या आत बीईसी असतो, जो बॅटरीतून रिसीव्हर आणि सर्व्होसाठी ५ किंवा ६ व्होल्ट बनवतो. स्वस्त ईएससीमध्ये तो लिनिअर टाइपचा (जास्तीचे व्होल्ट उष्णतेत घालवणारा) आणि एक-दोन अँपिअरचाच असतो, आणि लिनिअरला काम करायला वरून थोडे जास्तीचे व्होल्ट लागतात. इकडे आधीच्या मालकाने शान म्हणून २० किलो टॉर्कचा मेटल गिअर सर्व्हो बसवलेला, तो चाक अडलं की एकटाच दोन-तीन अँपिअर मागतो. सकाळी पाणी आलं की खालच्या सगळ्या मजल्यांनी एकदम नळ सोडल्यावर वरच्या मजल्यावर जी धार राहते, तशी रिसीव्हरची गत. साडेतीन-चार व्होल्टच्या खाली गेलं की बरेच रिसीव्हर रीस्टार्ट होतात, परत लिंक व्हायला क्षण-दोन क्षण लागतात, आणि आपल्याला वाटतं सिग्नल तुटला.

मल्टिमीटर लावून हा झोल पकडता येईल असं वाटतं, पण साधा मीटर इतका सुस्त असतो की तेवढ्यात डिप, म्हणजे व्होल्टची ती क्षणिक घसरण, येऊन निघूनही जातो. सगळ्यात कमी-जास्त आकडा धरून ठेवणारा मिन-मॅक्सवाला मीटर असेल तर बरं. नसेल तर दुसरी युक्ती आहे. गाडी एखाद्या डब्यावर ठेवा म्हणजे चाकं हवेत राहतील, मीटर मिलिव्होल्टवर ठेवा, हळू थ्रॉटल द्या आणि दोन्ही प्रोब एकाच जोडाच्या अल्याड-पल्याड लावा, म्हणजे प्लस आणि मायनसला नाही, तर एकाच लाल वायरवर प्लगच्या आधी आणि प्लगच्या नंतर. चाकं हवेत असताना मोटर दोन-तीन अँपिअरच घेते, तेव्हा चांगला जोड एक-दोन मिलिव्होल्ट दाखवेल आणि सडका जोड ३० च्या आसपास जाईल. तेच पुढे वीस अँपिअरला २०० मिलिव्होल्ट होणार. आणि मीटर अजिबातच नसेल तर पाच मिनिटं गाडी पळवून आणा आणि प्रत्येक जोडाला बोट लावत जा. जो सगळ्यात गरम, तो चोर.

तर सामान. शनिवारी लॅमिंग्टन रोड, मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. मुलुंडहून दादर, दादरला पूल चढून वेस्टर्नची स्लो, ग्रँट रोडला उतरून चालत. रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने कुणालाही विचारा, तो क्षणभर तुमच्याकडे बघतच राहील. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद आणि वर मेगाब्लॉक. मला हवी होती १४ गेजची सिलिकॉन वायर, लाल आणि काळी, एक एक मीटर, एक्सटी-६० प्लगच्या दोन-तीन जोड्या, हीट श्रिंक (गरम केली की आक्रसून जोडावर बसणारी नळी) आणि सोल्डर नीट धरावं म्हणून एक चांगला फ्लक्स.

वायरबद्दल दोन गोष्टी. गेजचा आकडा उलटा चालतो, आकडा लहान तेवढी वायर जाड. १८ गेजच्या वायरचा रेझिस्टन्स मीटरला साधारण २१ मिलिओहम, १४ गेजचा साधारण ८. गाडीत जायची-यायची मिळून ४० सेंटिमीटर वायर धरली तर २० अँपिअरला १८ गेजमध्ये जेमतेम ०.१७ व्होल्ट जातात आणि १४ गेजमध्ये ०.०७. म्हणजे काय, तर नुसती वायर जाड करून फरक तुमच्या कल्पनेपेक्षा कमी पडतो, खरा फरक जोड सुधारल्याने पडतो. १२ गेज लावून मिरवणारे बरेच असतात, छोट्या गाडीत ती वायर एवढी आडदांड होते की ईएससीचे पॅडच ओढून काढते. ब्रश्ड टू-एसला १४ पुरे.

दुसरी गोष्ट, लोहार चाळीत मिळणारी घरगुती वायरिंगची वायर इथे नको. तिच्यात तारा थोड्या आणि जाड असतात, गाडीच्या धक्क्यांनी सोल्डरच्या तोंडाशीच तुटतात. १४ गेजच्या सिलिकॉन वायरमध्ये ०.०८ मिलिमीटरच्या ४०० तारा असतात, त्यामुळे ती हातात पडली की शेवयांसारखी लोळते, आणि वरचं सिलिकॉन २०० डिग्रीपर्यंत टिकतं, सोल्डर करताना पीव्हीसीसारखं मागे पळत नाही. घेताना टोक खरवडून बघा. वरून चंदेरी आणि आत लाल निघालं तर कल्हई केलेलं तांबं, छान. वरून लाल आणि आत पांढरं निघालं तर तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम, ती वायर परत काउंटरवर ठेवायची. दुकानदार म्हणतोच "अरे भाई सब यही ले जाते है", नेऊ देत.

आता मुख्य काम, आणि यात एकच नियम असा आहे की जो मोडला तर खरंच आग लागू शकते. लायपोच्या दोन्ही वायर कधीही एकदम कापायच्या नाहीत. कटर दोन्हींमधून एकदम गेला की तो कटर म्हणजेच शॉर्ट सर्किट, आणि चार्ज केलेली लायपो कटरचं पातं वितळवेल एवढा करंट देते. एक वायर कापा, सोलून सोल्डर करा, हीट श्रिंक चढवा, थंड होऊ द्या, आणि मगच दुसरीला हात लावा. भाच्याला हे करायला दिलं नाही, शेजारी बसवून बघायला लावलं, त्याबद्दल तो नाराज होता, चालतंय.

बॅटरीच्या बाजूला एक्सटी-६० चा फिमेल, म्हणजे ज्याचे धातूचे भाग आत लपलेले आहेत तो, कारण जिवंत बाजू उघडी नको. सोल्डर करताना दुसऱ्या बाजूचा एक रिकामा प्लग त्याच्यात खुपसून ठेवायचा, नाहीतर प्लास्टिक मऊ पडून पिना वाकड्या होतात आणि मग तो प्लग जन्मभर अर्धवटच बसतो. इस्त्री, म्हणजे आपलं सोल्डरिंग आयर्न, किमान ६० वॉटचं, चपट्या टोकाचं. घराघरात असतं ते २५ वॉटचं पीसीबीला ठीक आहे पण इथे ते बिचारं तापतच नाही, आपण मिनिटभर टेकवून बसतो आणि तेवढ्यात उष्णता वायरमधून सेलपर्यंत पोचते. जास्त गरम आणि कमी वेळ, असं पाहिजे. आधी वायरला सोल्डर पाजा, मग प्लगच्या वाटीत सोल्डर भरा, मग दोन्ही एकत्र वितळवा. पंखा बंद. हो, मे महिना असला तरी बंद, वाऱ्याखाली सोल्डर नीट वाहत नाही आणि वाटीही तापत नाही. घाम पुसत बसा. राळेचा धूर घरभर होतो, आईने आतून विचारलं की आज कसला धूप घातलास.

तामिया, अ‍ॅडॉप्टर आणि पिळलेले जोड, तिन्ही गेले. मोटरच्या बाजूला नुसते ४ मिलिमीटरचे बुलेट, म्हणजे एकेका वायरचे गोल प्लग ठेवले, म्हणजे मोटर बदलायची झाली तर कापाकापी नको, आणि ब्रश्ड मोटर उलटी फिरायला लागली तर दोन बुलेट अदलाबदल केले की काम झालं. हातासरशी मोटरचे कपॅसिटर बघितले, एक निखळलेला. ब्रश्ड मोटरवर तीन छोटे सिरॅमिक कपॅसिटर असतात, ०.१ मायक्रोफॅराडचे, वर १०४ छापलेलं असतं, एक दोन्ही टर्मिनलच्या मधे आणि बाकी दोन एकेका टर्मिनलपासून मोटरच्या डब्याला. ब्रशच्या ठिणग्यांचा कचरा ते तिथल्या तिथे जिरवतात. डब्यावर आधी पॉलिश पेपर घासा नाहीतर सोल्डर चिकटणार नाही. आणि जुन्या पुस्तिकांमध्ये मोटरवर एक शॉटकी डायोडही लावायला सांगितलेला असतो, तो रिव्हर्सवाल्या ईएससीला अजिबात नको. रिव्हर्समध्ये व्होल्टेज उलटं होतं, डायोड सरळ शॉर्ट होतो आणि धूर.

एवढं करून खाली पळवली तर नव्वद टक्के आजार गेला. उरलेला दहा टक्के सर्व्होचा. याला स्वस्त इलाज म्हणजे रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलवर, प्लस-मायनसमध्ये, ४७०० मायक्रोफॅराडचा १० किंवा १६ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, पट्टी असलेली बाजू मायनसला. छोट्या डिपला तो पुरतो. पण २० किलोचा सर्व्हो दगडावर अडून बसला की तो कपॅसिटर काही क्षणभरही पुरत नाही, म्हणून सर्व्होला वेगळा स्विचिंग यूबीईसी, म्हणजे ईएससीच्या बाहेरचा स्वतंत्र बीईसी दिला.

यूबीईसीची इनपुट ईएससीच्या बॅटरी वायरवर, म्हणजे प्लगच्या मागेच, आणि आउटपुट रिसीव्हरच्या बॅटरी चॅनलमध्ये, ६ व्होल्टवर, कारण सर्व्हो आणि रिसीव्हर दोघांच्याही लेबलवर ६ चालतं असं लिहिलं होतं, तुमचं आधी वाचून घ्या. मग ईएससीकडून रिसीव्हरला येणाऱ्या तीन वायरच्या प्लगमधली फक्त लाल पिन काढायची. प्लगच्या खिडकीतलं प्लास्टिकचं जिभलं सुईने किंचित उचललं की पिन सुळकन मागे येते, कापायची गरज नाही, तिच्यावर हीट श्रिंक चढवून मागे दुमडून ठेवायची. काळी आणि सिग्नलची पांढरी तशीच राहू द्या, ग्राउंड दोघांचं एकच असायला पाहिजे. लाल ठेवून दिली तर दोन बीईसी एकमेकांशी भांडत बसतात.

याचा एक तोटा कुणी सांगत नाही. आता ईएससीचं बटन बंद केलं तरी यूबीईसी चालूच राहतो, आणि बॅटरी लो झाल्यावर ईएससी मोटर थांबवतो पण यूबीईसी निवांत सेल पीत बसतो. गाडी तशीच कपाटात ठेवली तर लायपो ३ व्होल्ट पर सेलच्या खाली जाऊन फुगणार. त्यामुळे चालवून झालं की प्लग काढायचाच, बटनावर भरवसा नाही. भाच्याच्या गाडीच्या बॉडीवर आतून मार्करने "प्लग काढ" असं लिहून ठेवलंय.

लाइट त्याला हवेच होते. बहुतेक जण ते लायपोच्या बॅलन्स वायरवर (चार्जरसाठी प्रत्येक सेलमधून काढलेली बारीक वायर) टॅप करतात, सोपं पडतं म्हणून, पण त्यात एकच सेल खाली जातो आणि दुसरा भरलेला राहतो, आणि मग चार्जर बॅलन्स करता करता तासभर. त्यापेक्षा यूबीईसीच्या ६ व्होल्टवरून. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट, २० मिलिअँपिअर, म्हणजे उरलेले ३ भागिले ०.०२, १५० ओहमचा रेझिस्टर. लाल एलईडीला २ व्होल्ट, तिथे २२० चा. प्रत्येक एलईडीला आपापला रेझिस्टर.

मग पाऊस. मुंबईत गाडी ठेवायची म्हणजे नुसता पाऊसच नाही, खारी हवा. आक्सा किंवा जुहूच्या वाळूत एकदा जरी नेली तरी आठवड्याभरात प्लगच्या पिना हिरव्या. खारं पाणी चांगलंच करंट वाहून नेतं, त्यामुळे बॅटरी लावलेली असताना ते आत शिरलं की पॉझिटिव्ह बाजूचं तांबं अक्षरशः खाल्लं जातं. रिसीव्हरला जुना आणि चालणारा उपाय म्हणजे फुगा, आत रिसीव्हर, तोंडाला केबल टाय. सर्किटवर पारदर्शक नेलपेंटचे दोन हात मारले तरी चालतं, फक्त पिना आणि बाइंडचं बटन सोडून. अँटेना मात्र कापायची नाही आणि गुंडाळायचीही नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या वायरचं टोकाचं ३१ मिलिमीटर उघडं टोक हीच खरी अँटेना, ते धातूपासून लांब, नळीतून वर उभं. त्यातलं पाच मिलिमीटर कुणी हौसेने छाटलं की मग मात्र रिसीव्हरला दोष द्यायला हरकत नाही.

सगळं जोडून झाल्यावर ईएससी परत रिमोटच्या थ्रॉटलशी जुळवला म्हणजे कॅलिब्रेट केला, ईएससीवरचा बॅटरी निवडायचा जंपर लायपोवरच आहे ना ते बघितलं, कारण एनआयएमएचवर असेल तर बॅटरी लो झाल्यावरचा कटऑफ चुकीच्या ठिकाणी येतो, आणि फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की मोटर थांबते का, ते तपासलं. चाकं हवेत, थोडा थ्रॉटल, आणि रिमोट बंद. मोटर थांबली पाहिजे. रिमोट नेहमी आधी चालू आणि शेवटी बंद, ही तपासणी सोडली तर.

आता गाडी वळणावर मरत नाही, सोसायटीच्या कंपाउंडमध्ये वॉचमनच्या खुर्चीला मात्र तीनदा धडकून आली. आणि पोरगं लगेच पुढच्या मागणीवर, "मामा, थ्री-एस लावूया ना." आपला ईएससी हॉबीविंगचा १०६०, त्याला थ्री-एस चालतं खरं, पण मोटर १८ टर्न (आतल्या तारेचे वेढे) किंवा त्याहून जास्तीची पाहिजे, टू-एसला १२ चालते. याच्या मोटरवर टर्नचा स्टिकरच नाहीये. मी त्याला सांगितलंय की आधी मोटर उघडून गुंडाळी मोज, मग बघू. त्याने कागदावर आर्मेचरचं चित्र काढून आणलंय, वायरी मोजता येत नाहीत म्हणतो. पुढच्या शनिवारी दोघं मिळून बघणार आहोत.